आधी माझं घर तपासा

मिल बंद पडून वडिलांची नोकरी गेली, तेव्हापासून पलीकडच्या कॉलनीत चोरी झाली की पोलीस आधी आमच्या गल्लीत यायचे. सापडायचं काहीच नाही. आई दार सताड उघडून म्हणायची, "देख लो भिया, पण बूट बाहेर काढून." ते मुकाट्यानं काढायचे.

आता मी त्याच कॉलनीत राहतो. परवा वरच्या मजल्यावरच्यांचं घड्याळ हरवलं आणि सगळे कामवाल्या बाईंची पिशवी तपासायला निघाले. "गरिबी आली की चोरी आलीच," एकजण मला समजावू लागला. माझं डोकंच फिरलं. मी दार सताड उघडलं.

"मी पलीकडच्या गल्लीतला. आधी माझं घर तपासा. चपला बाहेर काढून."