दिवा बबनचा, ठोका डंकाचा

बबनच्या मेलेल्या हातावरचा दिवा लागला आणि त्याची सून देवापुढे साखर ठेवायला धावली. मी कॉलर ताठ केली. मशीन माझं होतं.

लालबागला मी जन्मभर मिक्सर आणि पंखे रिपेअर केले. शेजारच्या बबनला लकवा मारला, उजवा हात गेला. व्यायाम सोडून तो गावी जाऊन पडतो म्हणायला लागला. बायको गेल्यापासून मला भांडायला तोच एक उरलाय. म्हणून त्याच्या फिजिओथेरपीवाल्या कांबळे मॅडमनी विचारलं, "काका, स्वस्तात एक सर्किट जोडाल का?" तेव्हा लगेच हो म्हणालो.

काम सोपं. हात हलवायचा म्हटलं की स्नायूत बारीकशी वीज उठते. हातावर चिकटपट्ट्या लावायच्या, सर्किटने ती वीज मोठी करायची, दिवा पेटवायचा. सगळं बॅटरीवर. माणसाला प्लगला जोडायचं नसतं. डबा घेतला हिच्या हळदकुंकवाचा. रिकामाच पडला होता.

दिवा छान लुकलुकत होता. बबनच्या डोळ्यांत पाणी. दुपारी अचानक बंद पडला. मी बॅटरी बदलली, काही नाही. मॅडम खिडकीशी गेल्या.

"काका, खालचा डंक जेवायला बंद झाला का?"

आमच्या खाली मिरच्या कुटायचा डंक आहे. ठोक्यागणिक आमची जमीन हलते. इतकी सवय झालीय, की ती हलते हेच आम्हाला कळत नाही. वायरी मी लोंबत्या सोडलेल्या. त्या हलल्या की दिवा लागायचा. म्हणजे सकाळपासून आम्ही मसाल्याचे ठोके बघत होतो.

बबन डाव्या हाताने पट्ट्या ओढायला लागला. "काढ ह्यां. उद्या गावाक जातंय."

मी त्याला दाबून बसवला आणि वायरी दंडाला घट्ट बांधल्या.

"हलव."

"हलणा नाय."

"कसा हलेल? याच हाताने कॅरमची राणी चोरायचास."

"कोणी चोरल्यान रे?"

"तू. आमची ही बघायची. मला सगळं सांगायची."

"वैनी असा कधी बोलाची नाय, मेल्या."

दिवा लागला. हाताचं बोटसुद्धा हललं नव्हतं, पण दिवा लागला. मॅडमनी खिडकीतून वाकून बघितलं. डंक बंदच होता.

"बबनकाका, अजून एक शिवी द्या," मॅडम म्हणाल्या.

बबनने चार दिल्या. चारही वेळा लागला.

तो गावी गेला नाही. व्यायाम रोज चालतो. दिवा मंदावला की मी राणीचा विषय काढतो. हिने तसं कधी सांगितलं नव्हतं, तिला कॅरम कळायचंही नाही. पण त्या निमित्ताने घरात तिचं नाव निघतं.

बाकी शिकलो ते एवढंच. लालबागला मशीन टेस्ट करायचं असेल, तर डंकवाला जेवायला गेल्यावर करा.