बारा ड्राइव्ह, एक नंबर

दिवाकर चोर नव्हता.

हे वाक्य तो असताना लिहायला हवं होतं. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

एक कोडं तुम्हीही पाहिलं असेल. एक टीबीचा, म्हणजे हजार जीबीचा, एसएसडी हा डेटा साठवायचा ड्राइव्ह आणावा, संगणकाला जोडावा, आणि पडद्यावर दिसतात ९३१ जीबी.

उरलेले एकोणसत्तर कुठे गेले?

कुठेही नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज एक हजार चोवीसच्या पटीत मोजते. बाइट तेवढेच, माप वेगळं.

या एकोणसत्तर जीबींसाठी दिवाकरची चौकशी झाली.

तो माझा विद्यार्थी, नागभीडजवळच्या खेड्यातला. पुढे एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर झाला. वनहक्काच्या दाव्यांसाठी गावोगावच्या म्हाताऱ्यांचे जबाब रेकॉर्ड करायचे आणि जपून ठेवायचे, हे त्याचं काम.

तिथे बारा नवे एसएसडी आले. त्याच दुपारी त्याचा फोन.

"सर, बाराही ड्राइव्ह आपला सिरीयल नंबर एकच सांगून राह्यले."

"स्टिकर बघितलंस का?"

"स्टिकरवर बारा वेगळे हायेत. म्हणून तर फोन केला जी."

थोडं समजावून सांगतो. प्रत्येक एसएसडीत कंट्रोलर नावाची एक चिप असते. डेटा कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा, हे तीच ठरवते. लिनक्सच्या टर्मिनलवर एक ओळ लिहिली की ती चिप स्वतःची ओळख देते: मॉडेल, सिरीयल नंबर, फर्मवेअर. स्टिकर कुणीही छापू शकतो. ही ओळख कारखान्यात आत लिहिलेली असते, आणि प्रत्येक ड्राइव्हचा नंबर वेगळा असायलाच हवा.

बारांचा एकच असेल तर माल बनावट असल्याचा दाट संशय घ्यावा.

"माझा बाप लाकडाच्या डेपोत होता, सर," दिवाकर म्हणाला. "बारा लठ्ठ्यांवर एकच नंबर दिसला असता तर त्यानं फाटक उघडलं नसतं."

त्यानं साहेबांना लेखी दिलं.

साहेब म्हणाले, "स्टिकर बरोबर हाय ना? मंग तू काऊन आत घुसून राह्यला?"

आठवड्याभरात कुणाला तरी ९३१ हा आकडा दिसला. मग आरोप ठरला: दिवाकरनं चांगले ड्राइव्ह काढून नेले आणि कमी क्षमतेचे बसवले. पुरावा म्हणून त्याचंच पत्र जोडलं. ज्याला आतला नंबर वाचता येतो, त्याला ड्राइव्ह बदलताही येतो, असा युक्तिवाद.

तज्ज्ञ म्हणून मत माझं मागवलं.

मी सहा पानं लिहिली. आकृती काढली, कोष्टक दिलं. मनापासून लिहिलं, हा विषय मला फार आवडतो.

पहिलं वाक्य होतं, "पडद्यावर ९३१ जीबी दिसतात, ही गोष्ट खरी आहे."

सिरीयल नंबरांचा मुद्दा सहाव्या पानावर होता.

चौकशीच्या अहवालात माझं पहिलं वाक्य तेवढं उतरवलं गेलं. माझ्या नावासह, पदवीसह.

दिवाकर घरी आला होता. चहा घेतला नाही.

"सर, तुम्ही वर्गात शिकवल्यासारखं लिहिलं. त्याहिले शिकायचं नोहतं जी. 'यानं काही नाई नेलं', एवढंच लिहून द्यायचं होतं."

 

कंत्राट पुढे वाढलं नाही. तो गडचांदूरकडे गेला, एका यार्डात ट्रकांची नोंद करायला. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ऊन लागून कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तेरवी होऊन आठवडा झाला असेल. कार्यालयातून त्याच्याच नंबरवर फोन आला. तेच बारा ड्राइव्ह एकामागोमाग एक बंद पडत होते. जबाब उघडत नव्हते. दिवाकरनं कुठे कॉपी ठेवली आहे का, एवढं विचारायचं होतं.

फोन शोभानं घेतला. त्याची बायको.

"तुमचे एकोणसत्तर जीबी घेऊन गेले ना ते? त्याच्यातच असन. जाऊन पाहा."

ज्यांचे जबाब गेले, त्यातले कितीतरी म्हातारे आता पुन्हा सांगायला उरलेले नाहीत. अहवाल मात्र जसाच्या तसा आहे. त्यात दिवाकर अजून चोर आहे.

दिवाकर, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. निरोप घेतो.

मित्रांनो, हळहळ व्यक्त करू नका. त्याऐवजी एवढं करा. पुढच्या वेळी नवा एसएसडी बसवण्याआधी स्टिकरचा फोटो काढा. मग, एसएसडी NVMe प्रकारचा असेल तर, लिनक्स सुरू करून (nvme-cli नसेल तर ते आधी बसवून) टर्मिनलवर लिहा:

sudo nvme id-ctrl /dev/nvme0

संगणकात आधीचा एसएसडी असेल तर नवा nvme1 असू शकतो. sn ने सुरू होणारी ओळ शोधा आणि फोटोतल्या नंबरशी एकेक अक्षर ताडून पाहा.

जुळला नाही तर लेखी द्या. पहिल्याच ओळीत.