सवतीची पाठवणी

माझ्या बायकोनं माझ्या गाडीला कधी डंपर म्हटलं नाही. ती तिला सवत म्हणायची. "गेले सवतीकडं," असं शेजारणीला सांगायची. आणि मी दोन पाळ्या सलग ओढून, पापण्यांपर्यंत कोळसा माखून दारात उभा राहिलो की विचारायची, "सोडलं का जी तिनं?" मी चिडायचो. मी चिडलो की तिला आणखी चेव यायचा. घुग्घुसच्या आमच्या कोळसाखाणीच्या कॉलनीत घरोघरी डंपर चालवणारे ऑपरेटर होते, पण सवत फक्त आमच्याच घरात होती.

डंपर म्हटलं की लोकांना रस्त्यानं रेती सांडत जाणारा ट्रक आठवतो. तो नव्हे हो! आमची गाडी म्हणजे जिचं एकेक चाक माणसाच्या डोक्याहून उंच, आणि जिच्या केबिनमध्ये जायला शिडी चढावी लागते. अशी गाडी रस्त्यावर येतच नाही. ती खाणीत जोडतात, खाणीतच ती राबते आणि खाणीतच भंगारात जाते. फाटकाबाहेरच्या जगाला तिचं तोंड दिसत नाही. घरच्या बायकांना तर नाहीच. दसऱ्याला आम्ही तिला हार घालायचो, चाकाखाली लिंबू ठेवायचो, नारळ फोडायचो. प्रसाद तेवढा घरी यायचा. आमचा सगळा संसार त्या गाडीवर चालला, आणि बायकोनं तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

मी निवृत्त झालो, माझ्यामागून गाडीही झाली. तिच्या जोडीच्या गाड्या एकेक करून कापल्या गेल्या. ही मात्र नशीबवान निघाली. नागपूरकडच्या एका संग्रहालयाला मांडून ठेवायला खाणीतली मोठी गाडी हवी होती, आणि खाणीच्या साहेबांनी हिचं नाव पुढं केलं. त्याच सुमाराला बायकोच्या पोटातलं दुखणं डॉक्टरांना सापडलं. सापडलं तेव्हा हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरी न्या, काय हवं-नको ते पुरवा. असं ऐकलं की माणसाला त्या डॉक्टरचाच राग येतो. मलाही आला.

घरी आणल्यावर मी तिला विचारलं, "मार्कंड्याले जाऊन येऊ का वं?" तिचं माहेर तिकडचं, वैनगंगेकाठचं. दर महाशिवरात्रीला मी जत्रेला नेतो म्हणायचो आणि दर वर्षी ड्युटी आडवी यायची. मग ती भावासोबत जायची.

"मार्कंड्याचा देव माह्या ओळखीचा हाय," ती म्हणाली. "सवत तेवढी पाहाची राह्यली. जाऊन राह्यली म्हणता, तं जाण्याच्या आंधी एकदा दाखवा मले."

एवढंच मागितलं तिनं. जन्मभरात बहुतेक एवढंच.

मी साहेबांकडे गेलो. आजारी बाईला फाटकातून आत न्यायची परवानगी काही मिळेना. पण गाडी जाणार होती आमच्या घरासमोरच्या रस्त्यानं, दुसरा रस्ताच नव्हता. साहेब म्हणाले, "दारात बसवा त्यांना. गाडी जशीच्या तशी जाणार आहे, पाहू द्या डोळे भरून." मी छाती फुगवून घरी आलो. म्हटलं, "तुह्या दारासमोर उभी करतो तिले. आपल्या घराहून उंच हाय, पाहजो."

"येऊ तं द्या," ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं पोटभर भात खाल्ला.

आता आमच्या ऑपरेटर लोकांत एक रीत आहे. ज्यानं गाडी चालवली त्यानं तिच्या कटाईला उभं राहायचं नाही. वर्कशॉपमध्ये गॅस कटर पेटला की तिचे जुने ऑपरेटर गाडीला हात जोडतात आणि निमूट घरी जातात. कोणी घालून दिली ही रीत, माहीत नाही, पण मोडलेली मी पाहिली नाही. गाडी न्यायच्या आदल्या आठवड्यात वर्कशॉपमधून एका सोबत्याचा फोन आला, "भाऊ, कटर लागला गाडीले. तुम्ही येऊ नका." मला वाटलं, गंजलेली शिडी-बिडी कापत असतील. मी गेलो नाही. गेलो असतो तर सगळं दिसलं असतं आणि बायकोला आधी सांगता तरी आलं असतं. रीत पाळायला गेलो आणि तिथंच फसलो.

गाडी जायच्या दिवशी सकाळी तिनं हिरवी साडी काढायला लावली. साडी ठरेल असं अंग उरलं नव्हतं, शेजारणीनं पिना टोचून नेसवली. घराच्या दाराशी खुर्ची टाकली, पाठीला उशी दिली. मांडीवर ताट होतं. ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि नवा खण. कॉलनीतल्या बाया जमल्या. एकीनं विचारलं, "अवं बाई, सवतीची कोणी ओटी भरते का?"

"घरातून जाऊन राह्यली ना ते," बायको म्हणाली. "रिकाम्या ओटीनं कशी धाडू?"

बाया खो खो हसल्या. एक-दोघी हसता हसता पदर डोळ्याला लावून मागं सरकल्या.

आधी बांबूनं विजेच्या तारा उचलून धरणारी माणसं आली. मग ट्रेलर आला, आणि त्यावर होता नुसता डाला. कोळसा भरायचा तो लोखंडी डाला, उपडा घालून साखळ्यांनी बांधलेला. मागून दुसरा ट्रेलर. त्यावर गाडीचा सांगाडा, चाकं काढलेला, आणि शेजारी उतरवून ठेवलेली केबिन. त्याच्याही मागं एका ट्रकवर चाकं. साहेबांचं 'जशीच्या तशी' म्हणजे सगळे तुकडे, एकही न हरवता!

 नवी गाडी खाणीत तुकड्यांत येते हे मला ठाऊक होतं. मीच कितीदा जोडताना पाहिली होती. पण जाताना ती अशी जाईल, हे या खोपडीत शिरलंच नव्हतं. साहेबांना, ट्रेलरवाल्यांना, त्या सोबत्याला, सगळ्यांना मी मनात शिव्या हासडल्या. बायको बघत होती.

"हे काय जी?"

"डाला हाय."

"अन् हे?"

"तीच हाय ते. मधलं अंग."

"मंग पाय कुठी हायेत तिचे?"

मी मागच्या ट्रककडं बोट दाखवलं. तिनं त्या चाकांकडं पाहिलं, पुन्हा सांगाड्याकडं पाहिलं. मग गाडीलाच म्हणाली, "तुलेबी माह्यासारखंच केलं का वं बाई?" मला रडू आलं. एवढ्या बायांसमोर आलं, म्हणून वर संतापही आला.

ट्रेलरचा ड्रायव्हर परमुलखातला होता. मागं गाड्यांची रांग लागलेली. "अम्मा, जल्दी करो," असं खिडकीतून ओरडला, पण ताट पाहिलं आणि खाली उतरला. आम्ही चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून ट्रेलरजवळ नेलं. तिनं सांगाड्याला हळद-कुंकू लावलं. ओटीचं सगळं खणात बांधलं, आणि ड्रायव्हरनं ते गाठोडं केबिनच्या दांडीला बांधून दिलं. तिचा हात काळा झाला होता. तो तिनं नाकाशी नेला.

"हाच वास," ती म्हणाली. "तुमच्या सदऱ्याचा. किती घासला, पण गेला नाई."

ट्रेलर वळणाआड गेले तशी ती मला म्हणाली, "हे काई पाहणं नाई झालं. तिथी जोडली का न्या मले. उभी राह्यलेली पाहाची हाय."

"नेतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

पण तिकडं जोडणी लांबत गेली. आधी खालचा ओटा बांधून व्हायचा होता, मग मोठी क्रेन मिळेना, मग पाऊस लागला. फोन करून करून मी त्या लोकांचं डोकं खाल्लं. फोन उचलणारी पोरगी गोड बोलायची, "होईल काका, लवकरच." मी खेकसायचो, "तुह्या लवकरले काही शेंडा-बुडखा हाय का?" बिचारीचा काय दोष? इकडं बायको बाजेला खिळली. रोज संध्याकाळी विचारायची, "जोडली?" मी मान हलवून नाही म्हणायचो. मग एका दिवसापासून तिनं विचारणंच सोडलं. विचारायची तेव्हा त्रास व्हायचा. विचारणं सोडलं ते मला अजिबात सोसेना.

पोळ्याच्या सुमाराला एका दुपारी डॉक्टर येऊन गेले. त्यांच्या चेहऱ्यावरून समजायचं ते मी समजलो. बाजेशी जाऊन बसलो आणि म्हणालो, "अवं, जोडली तिले. फोन आला होता आत्ता." आणि मग मी सांगतच सुटलो. पिवळाधम्मक रंग दिला, चाकं चढवली, डाला चढवला. पोरंसोरं खाली उभी राहून फोटो काढून राह्यली. तुले जरा बरं वाटलं का गाडी करून नेतो. ती डोळे मिटून ऐकत होती. तोंडावर शांत भाव होता. मला वाटलं, पटलं हिला. बरं झालं.

"नाई जोडली," ती म्हणाली.

"जोडली म्हणतो ना!"

"खोटं काऊन बोलता जी?" तिनं डोळे उघडले. "जोडली असती तं तुम्ही इथी बसले असते का? तिच्यापाशी गेले असते."

बोलून ती हसली. हसता हसता ठसका लागला, मी चमच्यानं पाणी पाजलं.  त्याच आठवड्यात ती गेली.

गाडी जोडून झाली ती दिवाळीनंतर. त्याच पोरीचा फोन आला, उद्घाटनाला या काका, जुने ऑपरेटर म्हणून तुमचा सत्कार आहे. सोबती न्यायला आले, चला म्हणाले, हट्ट केला, शेवटी वैतागून निघून गेले. भेटेल तो अजून विचारतो, "भाऊ, काऊन नाई गेले?" कोणाला काय सांगू? उद्घाटनाच्या दिवशी, दिवसभर, मी तिच्या बाजेपाशी बसून होतो.