फळ्यावरचा शंभर
परवा नातीच्या छोट्या फळ्यावर शंभरपर्यंत आकडे लिहून देत होतो. खडूच्या वासासरशी वीसेक वर्षांपूर्वीचं, कागलच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचं फाटक आठवलं. तिथल्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ या शब्दांपुढं रोज नवा आकडा घालायचं काम माझं, म्हणजे स्टोअरच्या कारकुनाचं. शंभर भरले की मांडव, हार आणि पाहुण्यांचं भाषण ठरलं होतं. नव्याण्णवाव्या दिवशी माल उतरवताना ट्रकचा मागचा फाळका अचानक सुटला आणि एका हमालाचं बोट तुटलं. “ठेकेदाराचा माणूस आहे, आपल्यात धरायचा नाही,” साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंभर लिहिले. तेवढ्यात तो हमाल फडकं बांधलेला हात छातीशी धरून आला. फुकट उपचारांसाठी त्याला कारखान्याची अपघाताची चिठ्ठी हवी होती. त्यानं फळा वाचला आणि मलाच विचारलं, “साहेब, काल कायच झालं न्हाय व्हय? मग माझं बोट कुठं गेलं?” मी खडूनं पांढरी झालेली बोटं पाठीमागं नेली. चिठ्ठी त्याला मिळाली नाही. पाहुणे मात्र सुरक्षेवर पाऊण तास बोलले. नातीच्या फळ्यावर नव्याण्णव लिहून झाल्यावर खडू मी तिच्या हातात दिला.