‘जातो’ म्हणा

प्रमिलाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका बाळाच्या नाकातल्या नळीची चिकटपट्टी बदलत होते. असं काम मध्येच सोडायचं नसतं, हे बाईंनीच शिकवलेलं. फोन वाजत राहिला. मी पट्टी नीट बसवली, हात धुतले आणि बाहेर येऊन परत फोन लावला. पलीकडे बाईंचा धाकटा भाऊ होता. “सिस्टर, बाई गेली आमची. सकाळी चहा मागतला अन्...” आणि मला सगळ्यात आधी आठवला तो वॉर्डातून बरी होऊन गेलेल्या मुलांचा मेळावा. हॉल ठरला होता, बाईंची पहिल्या रांगेतली खुर्चीही मी मनाशी ठरवून ठेवली होती. फक्त धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, संपायची वाट होती.

मी भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या या वॉर्डात नवी लागले तेव्हा बाई इन्चार्ज होत्या. अपुऱ्या दिवसांची बाळं, काचेच्या पेट्या, सतत टुणटुणणारी यंत्रं. बाईंचा आवाज त्या यंत्रांहून मोठा. बाळाला हात लावताना मात्र इतका हळू लावत, की बाळाची झोपही मोडत नसे. चप्पल घालून आत आलेल्या डॉक्टरलाही त्या बाहेर काढत. ताईत, अंगारा, काळा धागा, काहीही पेटीजवळ येऊ देत नसत. अशी ही बाई एका गोष्टीत मात्र कोणाचं ऐकायची नाही. बाळ सुधारून घरी निघालं, की घरचे रीतीप्रमाणे म्हणायचे, “येतो बाई.” निघताना ‘जातो’ कोणी म्हणतं का आपल्याकडे? पण बाई दारातच आडव्या होत. “येतो कायले म्हणता जी? जातो म्हणा. अन् या दारात फिरून तोंड दाखवू नका.” आज्या दचकायच्या, एखादी रागावायचीही. सगळ्यांकडून वदवून घेतल्याशिवाय बाई बाजूला होत नसत. पुढच्या तपासण्या खाली ओपीडीत होत, वेगळ्या दारानं. तिथं बाई कधी उतरल्या नाहीत.

मी एकदा चिडवलं, “बाई, लोकांचे ताईत सोडायला लावता आणि तुमचं हे काय?” त्या हसल्या नाहीत. नोकरीच्या सुरुवातीला एक आई “येतो बाई” म्हणून हसत गेली होती, आणि थोड्याच दिवसांत तेच बाळ घेऊन परत आली. ते बाळ मग घरी गेलंच नाही. “निमोनिया होता, मले का समजत नाई? सारं समजते,” बाई म्हणाल्या. “पण तिचं ते येतो माह्या कानातून जात नाई वं.” त्यानंतर मी पुन्हा कधी चिडवलं नाही.

आसगावच्या मोरेश्वरची मुलगी आमच्याकडे आली तेव्हा तिची आई नागपूरला दुसऱ्या दवाखान्यात जिवाशी झुंजत होती. मुलगी तळहातावर मावेल एवढी. मोरेश्वर धिप्पाड, धानाचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा. पण पेटीजवळ यायला भ्यायचा. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, शर्टाच्या गुंड्या काढायला लावल्या, पोरगी त्याच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून जुनं मऊ लुगडं बांधलं. “हालू नका. आता तुमीच हिची पेटी.” तो घामाघूम झाला, पण हालला नाही. तो नागपूरला गेला की ड्यूटी संपलेल्या बाई घरी जायचं सोडून त्याच खुर्चीत पोरीला छातीशी घेऊन बसत, आणि रोवणीचं एखादं गाणं गुणगुणत. पुढे आई बरी झाली, मुलगीही घरी निघाली. बाईंनी सगळ्यांकडून ‘जातो’ म्हणवून घेतलं आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन बराच वेळ चादरींच्या घड्या घालत बसल्या. त्या घड्या आधीच घातलेल्या होत्या. नंतर ओपीडीच्या दिवशी मला हळूच विचारायच्या, “आसगावची आली होती काय? वजन भरलं?” मी म्हणायची, खाली जाऊन बघून या ना. “नको.”

निवृत्तीनंतर बाई आंधळगावला भावाकडे राहिल्या. यंदा वॉर्डातल्या नव्या सिस्टरांनी टूम काढली, की इथून बरी होऊन गेलेली मुलं आणि त्यांचे आईबाप एकदा बोलवू, जुन्या सिस्टरांशी भेट घडवू. निमंत्रण द्यायला मीच गेले. बाई ओसरीत लाखोळीची डाळ निवडत होत्या. “मी नाई येत. पोट्टे येतीन, पाया पडतीन, लोकं फोटो काढतीन.” मग बोटं थांबली. “आसगावची येईन काय वं?”

मी म्हटलं, “मेळाव्याचं राहू द्या, आत्ता आसगावला चला. स्कुटीवर नेते.”

“माह्या पायानं जाऊ? अन् पोरीले काही झालं त?” मग तोडही त्यांनीच काढली. मेळावा दवाखान्यात नको, हॉलमध्ये घ्या. पोरगी आपल्या पायानं आली तर हरकत नाही. “मले फक्त पाहाचं हाय. लांबूनच.” निघताना मी सवयीनं “येते बाई” म्हणाले. त्यांनी अडवलं नाही. तो माझा शब्द खोटा ठरला, मी परत गेले ती त्यांच्या माघारी.

मोरेश्वरला फोन केला तर तो आधी घाबरलाच. “बाईनंच त तोंड दाखवू नका म्हणून सांगतलं होतं ना, सिस्टर? तपासण्या संपल्यापासून आमी भंडाऱ्याले आलो तरी त्या रस्त्यानं जात नाई.” मी समजावलं. “येतो जी, सारेच येतो. पण रोवणी होऊ द्या. चिखल करून ठेवला हाय.” बहुतेक घरं धानाचीच, सगळ्यांचं तेच. मेळावा पुढे गेला. यात कोणाचं चुकलं? कोणाचंच नाही. पण जीव ऐकत नाही. तेव्हा दर तपासणीला एक बाई वर, ती पोर खाली, मध्ये फक्त एक जिना... त्या जिन्यानं रोज चढणारी-उतरणारी मी.

रोवणी संपली, मेळावा झाला. हॉलभर मुलं धावत होती. मोरेश्वर बायको-मुलीला घेऊन आला. मुलीचं नाव श्रावणी, दोन वेण्या, बापासारखंच रुंद कपाळ. बाई गेल्याचं मी त्याला कळवलं होतं. त्याला ते मुलीला सांगणं जमलं नव्हतं. तिनं सगळ्या सिस्टरांकडे बघून विचारलं, “मले छातीवर घेऊन बसत त्या कोनत्या?” मी त्यांना तसंच आंधळगावला नेलं.

बाईंच्या खोलीत गादी गुंडाळलेली खाट होती, खुंटीवर ड्यूटीचा पांढरा स्वेटर. मुलीनं स्वेटरच्या बाहीला हात लावला आणि काढून घेतला. निघताना मोरेश्वरनं खाटेकडे बघत हात जोडले. “जातो, बाई.”

मला काय झालं कोण जाणे, मी दारात आडवी झाले. “जातो नाही. येतो म्हणा.”

तो भेदरून माझ्याकडे बघत राहिला. खरं तर मीही भ्याले होते. मुलीनं एकदा बापाकडे पाहिलं, एकदा खाटेकडे, आणि म्हणाली, “येतो, बाई.”

ते सगळे अंगणात उतरले. मी दारातच कान देऊन उभी राहिले, आतून बाई ओरडतील म्हणून.