प्लास्टरमामा आणि पडणाऱ्यांचा खेळ

माझ्या मामांना मामा म्हणायचा हक्क खरं तर माझा. पण इस्पितळाच्या हाडांच्या विभागात त्यांना मामा म्हणणारे इतके होते, की सख्ख्या भाचीचा नंबर पार शेवटी लागायचा. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणं हे त्यांचं काम. कोमट पाण्यात पट्टी बुडवायची, पिळायची, कापसावरून गुंडाळायची, तळहाताने गुळगुळीत करायची आणि मग दरडावायचं, "बोटं हलवून दाखव." पेशंट मोठा साहेब असो की हमाल, मामा अरेतुरेच करत. हाड मोडलेला माणूस उलट बोलत नाही.

उमेदीची सगळी वर्षं पडलेल्या माणसांत गेल्यामुळे मामांचं एक ठाम मत झालं होतं. माणूस उभा दिसतो तो फक्त अजून पडलेला नसतो म्हणून. त्यांच्या घरात स्टूल नव्हतं. दिवा बदलायचा असला की शेजारच्या उंच मास्तरांना बोलवायचं. बाथरूममध्ये एवढ्या रबरी चटया, की खालच्या फरशीचा रंग मामी विसरून गेली होती. फरशी पुसली की ती वाळेपर्यंत सगळ्यांनी पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. पाहुण्यांनीसुद्धा.

आणि अशा घरातली एकुलती एक मुलगी, माझी ताई, निघाली पडण्याच्या धंद्यात.

ती एका नाटकमंडळीत होती. मूकपटांच्या काळात ज्यांनी पहिल्यांदा घसरून, आपटून, तोंडावर केक झेलून लोकांना हसवलं, त्या जुन्या विनोदवीरांना मानवंदना म्हणून मंडळींनी एक प्रयोग बसवला होता. संवाद एकही नाही. चेहरे पांढरेफटक, कपडे काळे-करडे आणि कोपऱ्यात पियानो वाजवणाऱ्या एक बाई. ताईने घरी एवढंच सांगितलं, "बाबा, मला बोलायचं काही नाही. नुसतं उभं राहायचं."

"बरं आहे," मामा म्हणाले. "उभं राहणं तब्येतीला चांगलं."

मामीला आणि मला खरं काय ते ठाऊक होतं. तालमींहून परतलेल्या ताईच्या कोपरांना मलम आम्हीच चोळत होतो.

पहिल्या प्रयोगाला आम्ही तिघं पुढच्या रांगेत बसलो. पडदा वर गेला. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन आला, कुणीतरी पाठीवर थाप मारली तसा गर्रकन वळला आणि शिडीने मागचे दोघे आडवे झाले. नाट्यगृह हसलं. मामा पुटपुटले, "गळपट्टीचं हाड." दुसरा एक पायऱ्यांवरून गडगडत आला. "मनगट." तिसरा टेबलासकट कोसळला. "माकडहाड. ह्याला सहा आठवडे बसता येणार नाही." मागच्या रांगेतले लोक आता खेळापेक्षा मामांनाच जास्त हसायला लागले.

मग ढगळ पँट, मोठी टोपी आणि झुपकेदार मिशा असलेला एक वेटर आला. तो कशालाही अडखळायचा. खुर्चीला, कुत्र्याच्या दोरीला, स्वतःच्या पँटीला. त्याला पाहून मामांचा जीव अगदी कळवळला. "काय पोरगं आहे! ह्याच्या आईबापांना काही काळजी आहे की नाही?"

मामी पदराने तोंड झाकून म्हणाली, "आई तरी काळजीतच असेल हो."

तेवढ्यात वेटर बशांची चळत घेऊन जिन्यावर चढला, वरच्या पायरीवर घसरला आणि बशांसकट खाली आला. टोपी उडाली. टोपीखालून लांबसडक वेणी सुटली.

मामा उठलेले मला दिसलेच नाहीत. दिसले ते थेट रंगमंचावर. गुडघ्यावर बसून त्यांनी ताईचं मनगट पकडलं होतं. "हलू नकोस! बोटं हलवून दाखव!"

बिचारीने नेमकं काय करायचं? तिने ओठ न हलवता पुटपुटून पाहिलं, "बाबा, खाली जा." मामा म्हणाले, "बोलतेय काय? डोक्याला लागलंय का?" प्रेक्षकांना वाटलं, हे सगळं बसवलेलंच आहे. हशा उसळला. वेटरच्या मागावर असलेला पोलीस दंडुका उगारून धावत आला. मामांनी त्याला हातानेच थोपवलं, "आधी पायाखाली बघ!" पोलीस इतका दचकला की खरोखर पायाखाली बघू लागला. पियानोवाल्या बाई हसत होत्या आणि वाजवतही होत्या. पलीकडून ठरल्याप्रमाणे केक भिरकावला गेला. ठरल्याप्रमाणे ताई खाली वाकली. मामांचं काहीच ठरलेलं नव्हतं.

केक थेट तोंडावर बसला.

मामांनी दोन बोटांनी डोळ्यांपुरतं क्रीम बाजूला केलं आणि तेवढ्याच गंभीरपणे ताईची उरलेली बोटं तपासली. "मोडलेलं नाही," त्यांनी जाहीर केलं. मग मान ताठ ठेवून ते बाहेर जायला म्हणून नेपथ्यातल्या दारात शिरले. मागे नुसती भिंत होती. क्षणभराने ते परत आले आणि कुणाकडेही न बघता दुसऱ्या बाजूने निघून गेले. लोक खुर्च्यांतून घसरत होते.

नंतर मेकअपच्या खोलीत खडाजंगी झाली. "तू उभी राहणार होतीस!"

"राहतेच की बाबा. दर वेळी पडल्यावर."

मामांनी टॉवेल उचलला. ते केक पुसत राहिले. दिग्दर्शक मात्र खुशीत होता. त्याने हातच जोडले, "मामा, हा प्रवेश रोज करा."

मामीने गळ घातली म्हणून मामा तयार झाले. पण दुसऱ्या प्रयोगाला एक माणूसही हसला नाही. मामा आरशासमोर सराव करून, केसांना तेल लावून गेले होते. केक यायच्या आधीच त्यांनी डोळे मिटून तोंड पुढे केलं. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "मामा, तुम्ही आज अभिनय केलात." नोकरीत कधी कुणाचं ऐकून न घेतलेल्या मामांना ते फार लागलं. दोन दिवस ते तालमीकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मात्र ते पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तालमीला हजर. नेपथ्याचा जिना त्यांनी तपासला आणि एक सैल पायरी काढून दाखवली. शिडीची टोकं स्पंजाने मढवली. ताईने त्यांना पडण्याची रीत दाखवली. हनुवटी छातीला, हात टेकायचा नाही, अंग गोल करून लोळायचं. "हात टेकायचा नाही," मामा तिच्यामागून म्हणाले. "हे लोकांना आधी कुणी का सांगत नाही?" ते वाक्य पुढे त्यांनी इस्पितळात एवढ्यांना ऐकवलं, की मोठे डॉक्टर वैतागले. प्लास्टर घातल्यावर ऐकून उपयोग काय?

निवृत्त झाल्यावर मामा मंडळींबरोबर गावोगाव हिंडू लागले. नट मंडळी त्यांच्या सूचनांनी बेजार. एकदा रंगमंच ओला आहे म्हणून त्यांनी पडदाच उघडू दिला नाही आणि स्वतः पंखा धरून फरशी वाळवत बसले. तरी कुणी त्यांना परत पाठवत नव्हतं, कारण आता दुखापत कुणाला होत नव्हती.

परवा मी विंगेत त्यांच्याशेजारी उभी होते. ताई जिन्यावर चढायला लागली तसे मामा पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आदळल्याचा आवाज आला. मामांनी माझा दंड असा आवळला की मीच कळवळले. मग हशा आला, भरभरून.

"उठली," मामा म्हणाले आणि घोटभर पाणी प्यायले.