काकूंची दांडगी गाडी

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. तरी नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये जी मसल कार होती, तिच्याविषयी मी आजही तासभर बोलू शकते. शेजारचे काका दर रविवारी चहाबरोबर तिचा इतिहासच पाजायचे. साठच्या दशकाअखेरीस अमेरिकन पोरांना सिग्नल सुटताच सुसाट पळायचं होतं, म्हणून कंपन्यांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत भलीमोठी इंजिनं कोंबली. मग पेट्रोल महागलं, विमा परवडेना, आणि लोक त्या येईल त्या भावाला विकू लागले. काकांनी तेव्हा ही घेतली, निव्वळ स्वस्त म्हणून. आता तीच पोरं पन्नाशीला टेकली होती, खिसे गरम होते, आणि त्यांना हवी तशी गाडी शोधून सापडत नव्हती.

काका-काकू मुलीकडे दूर जॉर्जियात अल्फारेटाला कायमचे निघाले, तेव्हा गाडी विकायची ठरली. घ्यायला आलेला माणूस सहा फुटी आणि मोठा गोड बोलणारा. इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळला, म्हणजे इंजिन मूळचंच, रंगही मूळचाच निघाला, तसा तो हरखला. मग त्याने ड्रायव्हरच्या सीटखाली टॉर्च मारला आणि हळहळला. कुणीतरी सीट उंच करून पुढे घेतली होती आणि त्यासाठी पत्र्याला नवी भोकं पाडली होती. काळजी नको, तो म्हणाला, वेल्डिंग करून अशी बुजवीन की ती कधी होती हेही कुणाला कळणार नाही.

काकांचा चेहरा उतरला.

"मग डील कॅन्सल," ते माझ्याकडे वळून, शेजारी उभ्या काकूंकडे बोट दाखवत मराठीत म्हणाले. "माझा जॉब गेला तेव्हा हिचा पाय क्लचला पोहोचावा म्हणून पाडलीत ती. ही रोज एकटी ड्राइव्ह करत हॉस्पिटलला नाइट ड्यूटीला जायची, म्हणून घर चाललं. कुणाला कळणार नाही म्हणजे काय?"

मी काकूंकडे बघतच राहिले. पाच फुटांच्याही आतल्या, नागपूरहून नर्स होऊन आलेल्या या बाईला मी इतके रविवार फक्त चहा आणताना पाहिलं होतं. काकांच्या एवढ्या इतिहासात काकूंचं नावही नव्हतं, याचा मला रागच आला. पण त्या बेकारीच्या दिवसांविषयी काकांना बोलवत नसावं, हेही लक्षात आलं.

"बुजवू दे त्याला," काकू म्हणाल्या. "गाडी रस्त्यावर तरी राहील. तिकडे नेऊन आपण काय करणार?"

तो माणूस आत बसला तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट मूळ जागी नेल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. काका पाना घेऊन वाकले, पण त्यांच्याच्याने पहिला बोल्टही फिरवेना. काकूंनी पाना काढून घेतला, खाली बसल्या आणि सगळे बोल्ट स्वतःच सोडवले.

सीट मागे गेल्यावर त्या एकदा तिच्यावर बसल्या. पाय लांब करून पाहिला, तो क्लचच्या वीतभर अलीकडेच राहिला.

"झालं. आता ही माझी नाही," त्या म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांदेखत रडल्या.